प्लग बदलले आणि गाडी थरथरायला लागली

गाडी चांगली चालत होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाटेल बिघडली होती म्हणून हात लावला. मॅन्युअलमध्ये ४०,००० किलोमीटरला स्पार्क प्लग बदला असं लिहून आहे, माझी गाडी ४३,००० वर गेली होती, त्यात रविवार, आणि सर्व्हिसवाल्याने चार प्लगच्या मजुरीचा जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्यातला मेकॅनिक जागा झाला.

मे महिन्यात नागपुरात असलं काम साडेसहालाच सुरू करावं लागते, नऊनंतर बोनेटला हात लावून पाहा मग समजते. तसंही इंजिन थंडच पाहिजे, हेड ॲल्युमिनियमचं असते, गरम असताना प्लग खोलला तर आटे खराब व्हायची भीती. एअर फिल्टरचा पाइप काढला, चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) वर ओढून काढल्या, प्लगपान्याने जुने प्लग खोलले. नवे हाताने बसवत नेले, वॉशर टेकला की पुढे अर्धा ते पाऊण फेरा, जास्त ताकद नाही लावली. बाबा दारात चहा घेऊन उभे. "काय करून राहिला बे तू? सुरू गाडी कावून खोलली?" मी म्हटलं बाबा, मेंटेनन्स आहे. ते काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

स्टार्टर मारला, एकाच झटक्यात चालू. पण स्टिअरिंगवर हात ठेवला तर हाताला मुंग्या आल्यासारखं, आरसा हलून राहिला, डॅशवरचा गणपती मान डोलवून राहिला. वाटलं नवे प्लग आहेत, बसतील जागेवर (प्लग "जागेवर बसत" वगैरे काही नसतात, पण माणूस स्वतःला काय काय सांगते). मनीष नगरातून वर्धा रोडला निघालो, सपाटीवर जरा बरी होती, आणि डबल डेकर पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी अशी झटके द्यायला लागली की मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना. चेक इंजिनचा लाइट नुसता लागला नाही, ब्लिंक करायला लागला. लाइट स्थिर असेल तर सावकाश घरी पोचता येते, ब्लिंक करत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाते, तिथे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो तापून खराब होतो, आणि त्याची किंमत ऐकली तर प्लगची मजुरी प्रसादासारखी वाटते. पूल उतरलो तशी कडेला लावली, लाइट शांत झाल्यावर वीसच्या स्पीडने घरी आणली.

मेकॅनिक लोक याला "मिसिंग मारते" म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत चार धक्के बसायला पाहिजेत, त्यातला एक रिकामा गेला की लंगड्या माणसासारखी चाल होते. थरथर ती हीच.

आता सल्ले. शेजारचे काका म्हणाले पेट्रोलच खराब आहे आजकाल, इथेनॉल. एक मित्र गॅरेजमध्ये बसतो, तो फोनवर न पाहताच म्हणे, "भाऊ, कॉइल गेली, चारही टाकून घे." बाबांनी त्यांच्या स्कूटरची कथा काढली, प्लगला कचरा आला की काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, लावायचा, आणि जुन्या गाड्यांत रात्री अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाणी शिंपडलं की करंट कुठून गळते ते निळ्या ठिणगीवरून दिसायचं. पण माझ्या गाडीत वायरीच नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल. मला एकच वाटत होतं, की काल सगळं ठीक होतं म्हणजे जे काही झालं ते माझ्या हातांनी झालं, आणि माझे हात लागले ते फक्त प्लगला, कॉइलला, कॉइलच्या कनेक्टरला आणि त्या हवेच्या पाइपला. पेट्रोलला मी हात लावला नव्हता.

पाइप पाहिला, क्लॅम्प टाइट, छोटी नळी पण जागेवर. कनेक्टर एकेक दाबून पाहिले, चारही "टक" वाजून बसलेले होते. मग स्कॅनर काढला, गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाडाचा कोड वाचणारा ब्लूटूथचा तो छोटा डबा, मागच्या दिवाळीत घेतला तेव्हा घरच्यांनी खूप ऐकवलं होतं. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर मिसफायर. पी०३०० आला असता तर मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही असं समजलो असतो, मग शोधत बसा.

इथून पुढे पैसे न लावता काम होते. दोन नंबरची कॉइल तीनवर टाकली, तीनची दोनवर, कोड पुसला, गाडी चालू केली. पुन्हा पी०३०२. म्हणजे कॉइल सुटली आरोपातून, आणि मित्राचं ऐकलं असतं तर दहा-एक हजार गेले असते. मग इंजिन पूर्ण थंड व्हायची वाट पाहिली (मे महिना, तर हे "थंड" रात्री साडेनऊला झालं) आणि दोन अन् तीनचे प्लग आपसात बदलले. चालू केली, आणि कोड पी०३०३! प्लग जिकडे गेला तिकडे मिसफायर गेला. तसाच दोनवर राहिला असता तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), म्हणजे खरं दुखणं.

तो प्लग काढून मोबाइलच्या टॉर्चखाली फिरवला. गॅप (टोकाशी ठिणगी पडते ती फट) फीलर गेजने पाहिली, बरोबर. टोक स्वच्छ. आणि मग पांढऱ्या चिनी मातीवर, पाना बसतो त्या षट्कोनाच्या जरा वर, केसाएवढी काळी रेघ. नखाने पुसली, पुसेना. तडा होता. करंटला सोपा रस्ता सापडला, टोकापर्यंत जाऊन ठिणगी पाडायच्या ऐवजी तड्यातून बाहेरच्या बाहेर हेडच्या धातूला जाऊन राहिला. चढावर जास्त झटके का, तेही समजलं, लोड आला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, मग करंट कावून कष्ट करेल, गेला तड्यातून.

आणि तेव्हा मला आठवलं. सकाळी डबीतून काढताना एक प्लग सुटून अंगणातल्या फरशीवर पडला होता. मी उचलला, गॅप मोजली, बरोबर निघाली म्हणून लावून टाकला, स्वतःवर खूशही झालो होतो की पाहा किती काळजी घेतो. पडलेल्या प्लगची गॅपच सगळे पाहतात, मातीकडे कोणी पाहत नाही, मी पण नाही पाहिली.

नवा एक प्लग घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणे सेटच घ्या भाऊ, सुटा नाही देत. पाच मिनिटं घासाघीस करून एक सोडवला, त्याच नंबरचा. त्याच्यासोबत दोन नंबरच्या मूळ कॉइलचा रबरी बूट (प्लगच्या डोक्यावर बसते ती रबराची नळी) पण बदलला, कारण तिच्यासोबत तो तुटका प्लग दिवसभर चालला होता अन् बुटाच्या आत पण तशीच काळी रेघ उमटली होती. ती ठेवली तर करंट पुन्हा तोच रस्ता धरतो, नवा प्लग असला तरी. बूट मागवावा लागला, तीन दिवसांनी आला, तोवर मेट्रोने ऑफिस.

कोड पुसून आता दोन आठवडे झाले, रामटेकला जाऊन आलो, लाइट नाही, थरथर नाही. बाबांचा विश्वास बसेना म्हणून स्वतः पुलावर दोनदा नेऊन आणली, चढावर मुद्दाम दाबून. उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हो, ठीक आहे. पहिले पण अशीच चालत होती."