शाळेची चीन सहल: बीजिंग ते शीआन, रोजनिशीची पानं

निघण्याआधी

मुलांना चिनी संस्कृतीची ओळख करून द्यायची तर शहरं दोनच घ्यावीत, यावर आम्ही ठाम आहोत. बीजिंग आणि शीआन. शांघाय, गुइलिन, ग्वांगझोऊ असं सगळं एका सहलीत कोंबलं की मुलं तो देश बसच्या खिडकीतून बघतात आणि परत आल्यावर त्यांना हॉटेलचा नाश्ता तेवढा आठवतो. रोज एक मोठं ठिकाण आणि हाताने करायचं एक काम, एवढंच वेळापत्रक पुरे.

दिवाळीची सुट्टी या सहलीला अगदी योग्य. तिकडे १ ऑक्टोबरपासून आठवडाभर राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवसांत प्रत्येक स्थळावर मुंगीला शिरायला जागा नसते. ती गर्दी दिवाळीपर्यंत ओसरलेली असते. हवा कोरडी, दिवसा सुखद, पण रात्री पारा दहाच्या खाली जातो, म्हणून स्वेटरवर वारा अडवणारं एक जाकीट हवंच. उन्हाळ्यात जायचं असेल तर मेचा पहिला आठवडा टाळावा, कारण तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तर चिनी शाळांनाच सुट्टी असते.

कागदपत्रांत सर्वात जास्त घोळ होतो तो नावांचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक पासपोर्टांत मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या हजेरीपटावर त्याच मुलाचं नाव वेगळ्या क्रमाने. चीनमध्ये रेल्वे, राजवाडा, वस्तुसंग्रहालयं, सगळीकडे तिकीट पासपोर्टच्या नावावर आणि क्रमांकावर निघतं. एका अक्षराचा फरक पडला तरी एक मूल फाटकाबाहेर अडकतं आणि त्याच्यासोबत एका शिक्षकाला थांबावं लागतं. म्हणून यादी हजेरीपटावरून कधीच करू नये. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांवरून ती करावी, एकाने वाचावी आणि दुसऱ्याने ताडून बघावी. व्हिसासाठी मुलांचे जन्मदाखले आणि पालकांची संमतीपत्रं लागतात, तेव्हाच ही यादी पक्की झालेली असावी.

फोनबद्दल पालकांना आधीच स्पष्ट सांगावं. चिनी इंटरनेटवर व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब चालत नाहीत, त्यामुळे हॉटेलच्या वायफायवर मुलांचा निरोप येणार नाही. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर हे सगळं चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो. दोन-तीन शिक्षकांकडे रोमिंग असलं की पुरतं. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक संदेश पाठवावा. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, हे पालकांच्या गटावर लिहून ठेवलं की मध्यरात्रीचे फोन बरेच कमी होतात.

पैसे शिक्षकांनी अलीपे या चिनी पेमेंट ॲपवरून द्यावेत. भारतात असतानाच कार्ड जोडून, ओळखपडताळणी उरकून घ्यावी, विमानतळावर ते करत बसू नये. मुलांजवळ रोख युआन द्यावेत, तेही दहा-वीसच्या नोटांत. दुकानदार रोख घेतात, पण शंभरची नोट मोडायला सुटे नसतात.

रविवार, बीजिंग

सुरुवात स्वर्गमंदिरापासून करावी. कारण इथे सकाळी मुलांना जिवंत माणसं दिसतात. उद्यान पहाटेच उघडतं आणि झाडांखाली आजी-आजोबा ताईची करत असतात, पत्ते खेळतात, पिसांचं फूल पायाने उडवतात. मुलांना थेट त्यांच्यात सोडावं. पायाने उडवायचा तो च्येन्झ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि भाषा न येता अर्धा तास खेळता येतं.

मग सुगीच्या प्रार्थनेचं सभागृह. ३८ मीटर उंच, संपूर्ण लाकडी, खिळ्यांशिवाय जोडलेलं. मूळ बांधणी १४२० ची, १८८९ मध्ये विजेने जळालं आणि पुन्हा उभारलं. आत २८ खांब आहेत. मधले चार ऋतूंचे, मग बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे, कारण जुन्या चिनी कालगणनेत दिवसाचे बारा भाग असत. आत जाता येत नाही, दारातून बघावं लागतं आणि तिथे ढकलाढकली होते. म्हणून खांबांची ही मांडणी बाहेर मोकळ्या जागेत, जमिनीवर खडूने तीन वर्तुळं काढल्यासारखी हाताने दाखवावी, मग दाराशी न्यावं. गोल वेदीवर दगडांची वलयं ९, १८, २७ अशी नऊच्या पाढ्यात वाढत जातात. ते मुलांनी स्वतः मोजून शोधावं, आधी सांगू नये.

एक सूचना: नुसतं उद्यानाचं तिकीट घेतलं तर या वास्तू कुंपणाबाहेरूनच दिसतात. सगळ्यांचं मिळून असलेलं तिकीट घ्यावं.

सोमवार

निषिद्ध नगरी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, सोमवारी बंद असते, म्हणून हा दिवस चीनच्या भिंतीचा. भिंतीच्या बादालिंग भागात गर्दी फार. मुतियान्यू शहरापासून साधारण ७० किलोमीटर, झाडी दाट, आणि २३ बुरूज एका सलग पट्ट्यात. केबलकार चौदाव्या बुरुजापाशी सोडते. तिथून सहाव्या बुरुजापर्यंत चालत यावं, मग घसरगाडीने खाली. घसरगाडीत ब्रेकची दांडी प्रत्येकाच्या हातात असते आणि घाबरलेलं मूल मध्येच थांबलं की मागची सगळी रांग थांबते. धीट मुलं पुढे, शिक्षक शेवटी. पायऱ्या असमान आहेत, काही वीतभर, काही गुडघ्याएवढ्या, आणि उतरताना पाय चुकतात. पाठीवर जड सॅक नको, एक बाटली पुरे.

मंगळवार

निषिद्ध नगरी. बांधकाम १४०६ ते १४२०, आणि १९२५ पासून वस्तुसंग्रहालय. तिकिटं ऑनलाइन, सात दिवस आधी खुली होतात आणि रोजच्या प्रवेशाला मर्यादा आहे, त्यामुळे शाळेच्या गटाने त्याच संध्याकाळी ती काढायला बसावं. आत जायला फक्त दक्षिणेचं वूमेन दार. बाहेर पडायचं उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या दाराने, मागे परत येता येत नाही. बस उत्तर दाराशी थांबू देत नाहीत, म्हणून ती कुठल्या गल्लीत उभी राहील हे चालकाशी आधीच ठरवावं.

एवढ्या मोठ्या वास्तूत मुलं तासाभरात कंटाळतात, कारण एक अंगण संपलं की तसंच दुसरं सुरू होतं. त्यांना छपरांच्या कोपऱ्यावरचे प्राणी मोजायला द्यावेत. सम्राटाच्या मुख्य सभागृहावर, म्हणजे थायहदियनवर, ते १० आहेत, च्येन्छिंग प्रासादावर ९, सम्राज्ञीच्या खुननिंग प्रासादावर ७. कुठली इमारत कुणाची आणि केवढ्या मानाची, हे मुलं स्वतःच सांगू लागतात. नंतर समोरच्या चिंगशान टेकडीवर चढावं. जिथून आलो तो अक्ष वरून सरळ रेषेत दिसतो, आणि ते खाली असताना कुणी कितीही समजावलं तरी डोक्यात शिरत नाही.

बुधवार, गाडीत

बीजिंग पश्चिम ते शीआन उत्तर, सुमारे १२०० किलोमीटर, वेगवान गाडीने साडेचार ते सहा तास. विमानापेक्षा हाच प्रवास बरा. ३सी हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवरबँक देशांतर्गत विमानात नेता येत नाही आणि आपल्या मुलांकडे बहुधा तीच असते. गाडीत १४ वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. पासपोर्टवाल्यांनी स्वयंचलित फाटकांत अडकू नये, कर्मचारी असलेल्या खिडकीकडे जावं. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग विनंती चालत नाही. चाळीस जणांच्या गटाने तासभर आधी पोचावं.

डब्यात गरम पाण्याचा नळ असतो. तिथे नळाचं पाणी कुणी तसंच पीत नाही, सगळे उकळलेलं पितात, म्हणून प्रत्येक मुलाकडे स्टीलची बाटली हवी, प्लॅस्टिकची वाकते.

गुरुवार, शीआन

सकाळी मातीची सेना, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले सैनिकांचे पुतळे. शहराच्या पूर्वेला लिनथोंगमध्ये, जवळपास ४० किलोमीटर. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली. पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद, त्यात सुमारे सहा हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे. त्यात आधी जाऊ नये. तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला, या क्रमाने लहानाकडून मोठ्याकडे गेलं तर मुलांचा उत्साह टिकतो. पहिल्या खड्ड्याच्या मागच्या टोकाला दुरुस्तीची जागा आहे, तिथे तुकडे जुळवत असलेले अर्धे पुतळे उभे असतात. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथे द्यावा. पाय, धड, डोकं वेगवेगळं घडवून जोडलेलं आहे हे तिथे दिसतं. अनेक पुतळ्यांवर कारागिराचं नाव कोरलेलं आहे, चूक निघाली तर धरता यावा म्हणून. मुलं हमखास विचारतात की रंग कुठे गेला. रंगाखाली लाखेचा थर होता, दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला. खणून काढल्यावर कोरड्या हवेत तो काही मिनिटांत आक्रसतो, गुंडाळी होते आणि रंग घेऊन गळून पडतो.

दुपारी नूडल्सचा वर्ग. शीआनच्या रुंद पट्टीच्या नूडल्स, वर लाल तिखट, लसूण, व्हिनेगर, सोया आणि त्यावर कडकडीत तेल. भाजी घातली की पूर्ण शाकाहारी, मराठी जिभेला लगेच आवडणाऱ्या. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण २५० ग्रॅम पाणी आणि ५ ग्रॅम मीठ. पुरणपोळीच्या कणकेसारखंच हे पीठ तेलाखाली मुरावं लागतं, किमान तासभर. मुलांच्या नूडल्स तुटतात त्या बहुतेक वेळा मुरायला वेळ न दिल्याने. लाटून मध्ये काडीने दाबून खोबण पाडायची, दोन टोकं धरून ओट्यावर आपटत ताणायची, मग खोबणीतून फाडायची. आपटताना हात वर नेला तर मधे पातळ होऊन तुटते. कमरेच्या उंचीवरच हलकं आपटावं.

जेवणाबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. भाजीत डुकराची चरबी, मांसाचा रस्सा, ऑयस्टर सॉस, सुकट असू शकतं. चिनी लिपीत या प्रत्येक पदार्थाचं नाव लिहिलेली चिठ्ठी छापून न्यावी, गोमांस वेगळं नमूद करावं. बौद्ध उपाहारगृहांत कांदा, लसूण, पात वर्ज्य असते, त्यामुळे जैन मुलांची तिथे उत्तम सोय होते. फक्त बटाटा आणि गाजर वेगळं सांगावं लागतं.

शुक्रवार

या सहलीचा गाभा हाच दिवस. स्थळ बेइलिन, म्हणजे ‘शिलालेखांचं अरण्य’ नावाचं संग्रहालय, स्थापना १०८७ ची. इथे खायछेंग शिलाग्रंथ आहेत. ८३७ मध्ये पूर्ण झालेल्या ११४ मोठ्या शिळा, त्यांवर बारा अभिजात ग्रंथ कोरलेले. छपाई सर्वदूर पसरण्याआधी, हाताने नकलताना चुका होऊ नयेत म्हणून प्रमाण पाठ दगडात ठेवला. पुढे सुलेखनकार यान झनछिंगचा ७५२ चा दुओबाओ शिलालेख. नवशिक्यांना आजही त्याचंच वळण गिरवायला देतात. आधी तो बघावा, मगच ब्रश हातात द्यावा.

ब्रश मिश्र केसांचा घ्यावा. बकरीच्या केसांचा फार मऊ, नवशिक्याला आवरत नाही. मुलांची पहिली चूक म्हणजे पेनासारखा तिरका धरणं आणि मनगट कागदावर टेकणं. ब्रश उभा, कोपर उचललेला, हालचाल खांद्यातून. दुसरी चूक पातळ शाई. शाईकांडी पाण्याच्या थेंबांवर गोल गोल घासत राहावं, घाई केली की ‘श्वान’ नावाच्या शाई शोषणाऱ्या चिनी कागदावर अक्षर फुटतं. वर्गात एक अक्षर पुरे, ‘योंग’, कारण त्यात मूलभूत आठ फटकारे आहेत. देवनागरी लिहिणारी मुलं आडवी रेघ शिरोरेघेसारखी एकसारखी ओढतात. तिथे मात्र रेघेच्या सुरुवातीला दाब, मधे हलका हात, शेवटी पुन्हा दाब देऊन मागे वळवायचं असतं. एवढं जमायला पाऊण तास लागतो, आणि तो द्यावा. चिनी शाळेच्या मुलांसोबत गाठ ठरवली असेल तर तीही याच टेबलावर घ्यावी. सभागृहात भाषणं झाली की दोन्हीकडची मुलं गप्प बसतात. एका कागदावर दोघं, एकाने योंग शिकवायचं, दुसऱ्याने ब्रशने देवनागरी नाव लिहून दाखवायचं.

मग ठसा घेणं. मूळ शिळेवर नाही, वर्गात प्रतिकृती देतात. कागद ओला करून दगडावर बसवायचा, हवा काढायची, ब्रशने ठोकून खोबणींत उतरवायचा. मग थांबायचं, कागद पांढुरका होईपर्यंत. इथेच बहुतेक ठसे बिघडतात. फार ओला असेल तर शाई पसरून अक्षर भरून जातं, पूर्ण वाळला तर कागद दगड सोडतो आणि रेषा दुहेरी उठतात. शाईची पुरचुंडी आधी रद्दी कागदावर टिपून, हलक्या हाताने तीन-चार फेऱ्यांत थोपटायची. एका फेरीत काळं करायला जाऊ नये.

शनिवार

बृहद् हंस पागोडा. ६५२ मध्ये बांधला, आता सात मजली, ६४ मीटर. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग ६४५ मध्ये भारतातून परतला, आणि त्याने नेलेले ग्रंथ ठेवायला हा उभारला. त्याने महाराष्ट्राबद्दल लिहिलेलं इथे, पागोड्याच्या सावलीत मोठ्याने वाचावं: मानी लोक, उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे पण त्याआधी शत्रूला कळवणारे, आणि हर्षाला दाद न देणारा राजा पुलकेशी. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं त्याने वर्णन केलंय तो अजिंठा मानला जातो. वर चढायला वेगळं तिकीट लागतं, जिना अरुंद आहे, चढला नाही तरी चालेल. दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना छू स्वेलियांगच्या हस्ताक्षरातले ६५३ चे दोन शिलालेख आहेत, युआन श्वांगच्या अनुवादांना सम्राट आणि युवराजाने लिहिलेल्या प्रस्तावना. ते मात्र चुकवू नयेत. आदल्या दिवशी ब्रश धरलेली मुलं यानचा जाड फटकारा आणि छूची बारीक रेघ यांतला फरक न सांगता ओळखतात.

ठसे आणि कागद रात्रभर पसरून वाळवावेत, मग शाईची बाजू आत ठेवून पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळावेत. घडी घातली तर घडीवर शाई तडकते. नळी मोठ्या बॅगेत न टाकता हातात घ्यावी, शाईची बाटली मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.