चिऱ्याचे घर आणि एक गळके कौल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत संध्याकाळपर्यंत क्वचितच एखाद्या घराचे छप्पर धड राहिले होते. आमच्या घराचे आढे वाकले, निम्मी कौले परसात जाऊन फुटली आणि शेजारचा माड न्हाणीघरावर आडवा झाला. लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. वर उघडे आभाळ पाहून ती टाळ्या वाजवत होती, एवढेच मला स्पष्ट आठवते. त्यानंतरचे दोन पावसाळे आम्ही पत्रे आणि ताडपत्रीवर काढले.

नवे घर बांधायचे ठरले खरे, पण छप्पर कशाचे घालायचे यावर घरात महिनाभर वाद झाला. वादळाचा धसका घेतलेल्या आबांना स्लॅबच हवा होता. मला कौले हवी होती. स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड उभारणारी घरे आमच्याकडे रस्तोरस्ती दिसतात, हे मी त्यांना अनेकदा ऐकवले. अखेर घराला स्लॅब आणि पुढच्या पडवीला जुन्या घराची शाबूत राहिलेली कौले, अशी तडजोड झाली.

२०२१ च्या दसऱ्याला भूमिपूजन केले आणि दिवाळीनंतर पाया खणायला घेतला. कोकणात घराचे काम पावसाशी शर्यत लावूनच करावे लागते. जूनच्या आत डोक्यावर छप्पर आले नाही, तर वर्ष फुकट जाते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा पहिला ट्रक आला, त्या दिवशी लेकीने चिऱ्यावर हात फिरवून "केवढी मोठी वीट!" असे म्हटले. तिचे फारसे चुकले नव्हते, कारण फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी अमदानीतल्या अभ्यासकाने मलबारात पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली 'लॅटराइट' हे नाव दिले, तेही वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच. खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओलसर आणि नरम असतो, म्हणून तो सहज तासता येतो, आणि हवा लागत गेली की कडक होतो. त्याची लाल धूळ मात्र कपड्यांतून जाता जात नाही. त्या हिवाळ्यात लेकीचे सगळे फ्रॉक एकाच रंगाचे झाले आणि तिच्या आजीने धुणे पांढरे करण्याचा नाद सोडला.

स्लॅब ओतायचा तो दिवस मी विसरणार नाही. मिक्सर सुरू झाला होता, पाट्या वर जाऊ लागल्या होत्या आणि मी माणसांच्या चहाच्या गडबडीत होतो. एवढ्यात लेक माझा सदरा ओढून विचारू लागली, "बाबा, झोपाळा कुठे टांगायचा?" जुन्या ओटीवरचा झोपाळा तुळईला टांगलेला होता, इथे तुळईच नव्हती, आणि आकडे सळ्यांना आधी बांधून घ्यावे लागतात, हे आराखडा काढणाऱ्यापासून माझ्यापर्यंत सर्वांच्या नजरेतून सुटले होते. गवंड्याने काम थांबवले, जाड सळईचे आकडे वाकवून घेतले आणि ओटीच्या जागी सळ्यांत अडकवले. पुढे स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे लहान बांध घालून पाणी धरले, तेव्हा त्या तळ्यांत आपल्या होड्या सोडण्याचा हक्क तिने याच कामगिरीच्या जोरावर मिळवला.

मे २०२२ मध्ये वास्तुशांत केली. वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरताना लेकीने त्याला भूक लागली तर काय, असे गुरुजींना विचारले. वास्तू नेहमी 'तथास्तु' म्हणते, म्हणून घरात वाईट बोलू नये, असे आजीने सांगितल्यावर ती काही दिवस त्या कोपऱ्यापाशी जाऊन हळू आवाजात आइस्क्रीम मागत असे.

खरी अडचण जूनमध्ये आली. पाऊस लागला, त्या रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, इथे पाऊस पडतच नाही." बाहेर तर धो धो कोसळत होता. कौलांवरचा आणि पत्र्यांवरचा आवाज ऐकत झोपण्याची सवय असलेल्या मुलीला स्लॅबखालची शांतता कोरडी वाटली, आणि खरे सांगायचे तर मलाही. तिला उचलून पडवीत आणले. वर कौले वाजत होती, पुढे पागोळ्या लागल्या होत्या आणि वादळात कड उडालेल्या एका कौलातून थेंब टपकत होता. तिने आतून पितळेचा पेला आणून बरोबर त्या थेंबाखाली ठेवला आणि माझ्या मांडीवर झोपली. आबा दरवर्षी मेमध्ये ते कौल बदलायला शिडी काढतात, आणि दरवर्षी ती शिडी तिच्या सांगण्यावरून तशीच परत ठेवली जाते.