पिकअपच्या एअरबॅगा: दुसऱ्याने बसवलेलं उतरवून पुन्हा बसवताना

कोल्हापूरहून डबल कॅबिन पिकअप आणली ती मागच्या एअरबॅगांसकट. अपघातात फुगतात त्या नव्हेत, सस्पेन्शनच्या. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) वर, चेसिस आणि अ‍ॅक्सलच्या मधे, दोन बाजूंना दोन रबरी बॅगा. हवा भरली की बसलेला मागचा भाग उचलतात. जुन्या मालकाने ट्रॉली ओढायला म्हणून बसवून घेतल्या होत्या आणि व्यवहारात त्यांचे पैसेही वेगळे धरले होते. एमएच ०९ ची केए २२ करण्याचं पुराण मोठं आहे, ते इथे नको. मला जुनी जीप ट्रॉलीवर घालून जांबोटी-कणकुंबीकडच्या चिखलात न्यायची असते आणि तिथून धडपणे बेळगावात परत यायचं असतं, एवढंच.

लक्षणं सुरुवातीपासून होती. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी डावीकडे कललेली. ट्रॉली लावून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की प्रत्येक वळणावर मागचा भाग गरजेपेक्षा जास्त झुकायचा. खड्ड्यात डावीकडून 'ठक्' असा आवाज. एका फिटरमामांना दाखवलं तर ते खाली वाकून म्हणाले, "नडीतैत्री (चालतंय हो) दादा, सगळी असंच बसवत्यात." सगळे तसंच बसवत असतील तर आपण सगळं उतरवूनच बघावं, असं ठरवलं.

आधी गळती. दोन्ही बॅगांत ४० पाउंड हवा भरली आणि जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. बॅग दोन्हीकडे ठणठणीत. बुडबुडे आले ते डाव्या बॅगेच्या डोक्यावरच्या पुश फिटिंगमधून (नळी नुसती ढकलून बसते तो जोड), बारीक, पण न थांबणारे. नळी ओढून काढली तर टोक तिरकं आणि चपटं, पकडीने दाबून तोडलेलं. या फिटिंगच्या आत एक ओ-रिंग असते, ती नळीच्या गोल बाहेरच्या अंगावर बसून हवा अडवते. टोक चपटं झालं की रिंगला धरायला गोल राहतच नाही. नवीन ब्लेडने नळी काटकोनात कापली, कड साफ केली, तळाला टेकेपर्यंत आत ढकलली आणि मग मागे ओढून पक्की बसल्याची खात्री केली. एवढ्याने रोजचं कलणं बंद. दोन मिनिटांचं काम, पण बसवणाऱ्याने हातात असलेली पकड वापरली.

तीच नळी पुढे सायलेन्सरच्या पाइपला जवळजवळ चिकटून गेली होती आणि टायने चक्क ब्रेकच्या पाइपला बांधली होती. सायलेन्सरजवळचा वीतभर भाग पिवळट आणि कडक झालेला. नायलॉनची नळी उष्णतेने आधी मऊ पडते, मग तडकते, आणि ती नेमकी घाटात तडकते. सगळी नळी नवी घातली, चेसिसच्या दुसऱ्या अंगाने नेली, वीतभराहून जास्त अंतर ठेवून. अ‍ॅक्सल खाली-वर होताना ताण येऊ नये म्हणून तिथे थोडी ढिली सोडली.

वळणावरच्या झुकण्याचं कारण टी जोडात होतं. दोन्ही बॅगा एकाच नळीवर, एकाच व्हॉल्व्हवर. भरायला सोयीचं, चालवायला वाईट. वळणावर बाहेरच्या बॅगेवर वजन आलं की तिथली हवा मोकळ्या वाटेने आतल्या बॅगेत जाते. म्हणजे जिथे आधार हवा तिथून तो निघून जातो आणि नको तिथे उचल मिळते. टी काढून टाकला, दोन बॅगांना दोन नळ्या आणि नंबर प्लेटशेजारी दोन व्हॉल्व्ह. हा एक बदल जरी केला तरी गाडी वेगळी वाटते.

आता खरी गोष्ट. डावी बॅग सरळ उभी नव्हती. खालची पट्टी पाट्यांच्या क्लिपवर अर्धवट चढलेली, त्यामुळे बॅग आतल्या बाजूला झुकून हँडब्रेकच्या केबलला घासत होती. रबरावर केबलच्या जाडीची चकचकीत रेघ पडलेली. अजून धागा दिसत नव्हता, एवढं नशीब. वरची पट्टी तर चेसिसच्या खालच्या फ्लँजला, म्हणजे आडव्या कडेला, भोक पाडून बोल्ट केलेली. चेसिसला भोक पाडायचंच असेल तर उभ्या भिंतीत, मध्याच्या आसपास पाडतात. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या फ्लँजवर येतो, तिथलं भोक म्हणजे तडा जायला दिलेलं आमंत्रण. शिवाय ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या कडेला काटे तसेच सोडलेले.

तडा गेलाय का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायची माझी तयारी नव्हती. बेळगावचा एक फायदा, उद्यमबागेत फाउंड्रीवाले मित्र असतात आणि त्यांच्याकडे डाय पेनिट्रंटचे डबे असतात. आधी भोकाभोवतीचा रंग आणि गंज काढून लोखंड पांढरं केलं. लाल डाय फवारला, थांबलो, कापडाने पुसून काढला, मग वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा वर येतो. आम्ही दोघं बॅटरी धरून उताणे पडून बघत होतो. भोकाच्या कडेला जिथे काटे होते तिथे लाल ठिपके आले, रेघ एकही नाही. कड गोल कानशीने गुळगुळीत केली, पुन्हा फवारलं, तेव्हा ठिपकेही गेले. वेल्डिंगने भोक भरू नका, असं मित्राने बजावलं; त्या उष्णतेने शेजारचं लोखंड बिघडतं. प्रायमर मारून सोडून दिलं.

नव्या पट्ट्या आठ मिलिमीटरच्या प्लेटमधून उद्यमबागेतच कापून घेतल्या. वरची आता चेसिसला दोन्ही अंगांनी कवटाळते आणि नायलॉक नटांवर आवळली आहे, नवीन भोक नाही. खालची पाट्यांवर सपाट बसते. बॅग फुगल्यावर चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा राहते, हे ८० पाउंड भरून, हात फिरवून बघितलं.

'ठक्' आवाजाचं कारण असं की अ‍ॅक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेला मूळचा रबरी स्टॉपर काढून फेकलेला होता. काही बॅगांच्या आत ठोकळा असतो, या बॅगांत नाही. हवा गेली की खड्ड्यात लोखंडावर लोखंड, आणि मधे बॅगेचं रबर. नव्या वरच्या पट्टीला बाजूला जीभ काढून घेतली आणि तिच्यावर स्टॉपर बसवला. तरीही रिकाम्या गाडीत पाच पाउंडांच्या खाली जायचं नाही.

उलटी तपासणीही करा, ती फारसं कुणी करत नाही. चेसिस घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून चाकं अधांतरी सोडायची. अ‍ॅक्सल खाली लोंबकळताना शॉक अ‍ॅब्झॉर्बरने त्याला अडवलं पाहिजे, बॅगेने नव्हे. माझ्याकडे डावी बॅग शॉकच्या आधीच ताणली जात होती. खालच्या पट्टीखाली २० मिलिमीटरचा स्पेसर घातला, मग जमलं.

बसवणं झालं, हवा किती भरायची, हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे समज असा की गाडी मागे बसली तर बॅगा फुगवा, लेव्हल झाली की वजन पेललं. हे तपासायला वजनकाट्यावर गेलो. काटा दहा-दहा किलोने दाखवतो. फक्त पुढची चाकं काट्यावर: ट्रॉलीशिवाय ९४० किलो. ट्रॉली जोडल्यावर ८४०. मग बॅगांत ६० पाउंड भरले, गाडी सपाट दिसायला लागली, काटा तरी ८४० वरच. मागे लटकलेलं वजन मागच्या चाकांना टेकू करून पुढची चाकं उचलत असतं. बॅगा बॉडी सरळ करतात, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाहीत. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक त्याच वजनावर चालतात. फरक पडला तो ट्रॉलीवरची जीप वीतभर मागे सरकवल्यावर: हुकवरचा भार २४० वरून १७० झाला, पुढची चाकं ८७० वर. ट्रॉली जीपसह १६०० किलोची आहे, म्हणजे हुकवर दहा टक्क्यांच्या जरा वरच. याच्या खाली नेऊ नये, ट्रॉली शेपूट हलवायला लागते.

जास्त हवेचे आणखी दोन तोटे. पाटे वजन चेसिसला पुढच्या आणि मागच्या टोकांना देतात, कडक बॅग ते मधे एकाच जागी देते. ऑस्ट्रेलियात डबल कॅबिन पिकअपच्या चेसिस कॅबिनमागे वाकल्याची प्रकरणं गाजली, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मागे बॅगा होत्या. दुसरा तोटा, माझ्या गाडीला मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे. तो चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर एका दांडीने मोजतो. बॅगांनी गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीत, उतारावर.

म्हणून पूर्ण लेव्हल करायचा नाद सोडला. ट्रॉली लावल्यावर मागचा भाग सुमारे ५० मिलिमीटर बसतो, त्यातला निम्माच परत उचलतो. त्याला दोन्हीकडे २५ पाउंड पुरतात. गाडी मागून किंचित बसलेली दिसते. दिसू दे. बॅगांवर शंभर पाउंडांची मर्यादा छापलेली असते ती बॅगेची, गाडीची नव्हे, आणि आरसीवर लिहिलेलं वजन बॅगांनी वाढत नाही.

राहिलेली कामं: सायलेन्सरजवळ पत्र्याचा आडोसा, थोडं चालवून झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळणं, आणि हेडलाइट खाली करणं, कारण समोरचे ट्रकवाले अजून डिपर मारतात. उजवीकडच्या व्हॉल्व्हला टोपण मिळालेलं नाही, सध्या सायकलचं लावलंय. पाऊस ओसरला की ट्रॉलीचे ब्रेक उघडणार.