झेडपीच्या शाळेचा शिक्का

आमचे हवालदार फौजेत, अरुणाचलात आणि मी आर्णी तालुक्यात, दोन लेकरं, सासूबाई अन् चार एकर कपाशी घेऊन. पोरगी आर्णीला नववीत जाते. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे तिचा एसटीचा पास फुकट आहे. पोरगा गावातल्याच झेडपीच्या शाळेत.

मागच्या वर्षी निकालाच्या दिवशी, एक मेला, यांच्या नोकरीतून मिळणाऱ्या मुलांच्या शिक्षण भत्त्यासाठी मुख्याध्यापकांकडे दाखला मागायला गेले. ते एकदम बिचकलेच. "ताई, आम्ही एक रुपया फी घेत नाही. उद्या चौकशी लागली तर माझ्या गळ्यात येईल ना!"

त्यांचंही चूक नाही. आधी पावत्या जोडाव्या लागायच्या, त्यामुळे भत्ता म्हणजे फीची परतफेड असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, पावत्यांची भानगड गेली. खर्च किती का होईना, रक्कम ठरलेली: तेव्हा महिन्याला २२५०, जानेवारी २०२४ पासून २८१२ रुपये ५० पैसे. पहिल्या दोन मुलांना, बारावीपर्यंत. शाळेनं फक्त एवढंच लिहून द्यायचं, की हा मुलगा अमुक वर्षी आमच्याकडे शिकला. वर्षाचे एका लेकराचे ३३,७५० होतात. इकडे एवढ्यात काय काय निघतं ते बाईमाणसाला विचारा. फी नसली म्हणून वह्या फुकट येतात का? पोरीची गणिताची शिकवणी, मोबाइलचं रिचार्ज, पोराचे बूट (तीन महिन्यांत अंगठा बाहेर!).

यांना फोन लावून दिला. पाच मिनिटं "हो साहेब, हो साहेब" झालं आणि सर राजी झाले. आता शिक्का. उन्हानं पॅड ठणठणीत वाळलेलं. सरांनी ग्लासातलं पाणी दोन बोटांनी शिंपडलं, शिक्का दाबला, तर कागदावर नुसता जांभळा डाग. गावाचं नाव गायब. शाळेचं आहे म्हणून समजून घेतील, असं म्हणत तसाच पाठवला.

युनिटमधून परत आला. शिक्का वाचता येत नाही, आणि वर आणखी एक: पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या घरच्या माणसांच्या नोंदीच्या कागदात, पोराच्या, आरवच्या, स्पेलिंगला सुरुवातीला एकच 'ए', दाखल्यावर दोन. तोवर उन्हाळ्याच्या सुट्या लागून सर त्यांच्या गावी गेलेले. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. सासूबाई म्हणाल्या, "एका अक्षरासाठी पैसे अडवते काय व बाप्पा?"

अडवले. नवा दाखला जुलैत गेला, पैसे दिवाळीच्या तोंडावर आले.

यंदा एक मेला मी पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स अन् शाईची नवी बाटली पिशवीत घालूनच गेले. सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू द्या ताई ही इथंच," म्हणाले, "टीसीलेही कामी येईल."