बोस्टनचा पीटर ग्रीन आणि नंतरचा

काल जेवणे उरकल्यावर मी ब्रिटिश ब्लूज गिटारवादक आणि गायक पीटर ग्रीनचे १९९८ मधले 'द रॉबर्ट जॉन्सन साँगबुक', म्हणजे जुन्या अमेरिकन ब्लूज गायकाच्या, रॉबर्ट जॉन्सनच्या, गाण्यांचा अल्बम लावला होता. दुसरे गाणे संपायच्या आतच सुहासदादा म्हणाला, "हे नको ग, बोस्टनचे लाव. ह्यात तो आहेच कुठे?" मी काही न बोलता ग्रीनच्या बोस्टनमधल्या १९७० च्या मैफलींचे मुद्रण लावले, बैठक पुन्हा रंगली, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मात्र ते एवढेसे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. ब्लूज हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा गाण्याचा प्रकार ऐकायला मला दादानेच शिकवले, त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, आणि आम्हा दोघांत सध्या जे चालले आहे ते आज इथे लिहायचे नाही. तरीही लागले, आणि का लागले ते मला समजून घ्यायचे आहे.

बोस्टनविषयी तो म्हणतो ते खरेच आहे. १९७० च्या फेब्रुवारीत, ५, ६ आणि ७ तारखेला, ग्रीनचा बँड फ्लीटवुड मॅक 'बोस्टन टी पार्टी' ह्या क्लबात वाजवत होता. ग्रीन तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि जेरेमी स्पेन्सर व डॅनी कर्वन धरून रंगमंचावर तीन गिटारी होत्या. ह्या मैफलींचे ध्वनिमुद्रण अल्बम काढण्यासाठीच झाले होते, पण तो अल्बम रखडला आणि १९८५ पर्यंत त्यातले काहीच अधिकृतपणे बाहेर आले नाही. 'रॅटलस्नेक शेक' तिथे चोवीस मिनिटांच्या आसपास चालते आणि त्यातली तयारी ऐकून थक्क व्हायला होते. माझा जीव मात्र त्यातल्या लहान गाण्यात, डस्टर बेनेटने रचलेल्या 'जंपिंग ॲट शॅडोज'मध्ये, अडकलेला आहे. आपले आयुष्य घसरणीला लागले आहे आणि दोष आपलाच आहे, असे सांगणारे ते संथ गाणे. ग्रीन एक ओळ गातो, गिटार चार-दोन सुरांत तिला उत्तर देते आणि थांबते. त्या थांबण्याच्या जागी दुसऱ्या कोणीही आणखी दहा सूर कोंबले असते. तो ती जागा रिकामी ठेवतो, आणि पुढची ओळ येईपर्यंत आपलाच श्वास अडकतो.

रात्री मला स्वतःची फार कीव आली. माझ्या घरी, माझ्याच खोलीत, काय ऐकायचे ते नेहमी दुसऱ्या कोणी ठरवायचे आणि मी मुकाट्याने उठून बदलायचे, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे असे वाटून डोळे भरून आले. आज सकाळी घरात कोणी नसताना मी दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकली, तेव्हा तो भर पुष्कळसा ओसरला. वाजवण्याच्या दृष्टीने दादाचाच कौल बरोबर आहे. १९९८ च्या ग्रीनपाशी ती तयारी नाही, सुरावरची ती पकड नाही, आणि मैफल अंगावर घेऊन पुढे नेण्याची ती ऊर्मीही नाही. 'तो आहेच कुठे' हा प्रश्न मात्र वाजवण्याविषयी नाही, माणसाविषयी आहे. मला खुपले ते तेवढेच.

कारण थांबणे हे ग्रीनचे आधीपासूनचेच आहे. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स ह्या बँडमध्ये एरिक क्लॅप्टन ह्या नावाजलेल्या गिटारवादकाच्या जागी आल्यावरही त्याने वेगाने क्लॅप्टनला मागे टाकण्याचा अट्टहास केला नाही. १९६९ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेले 'अल्बट्रॉस' तर शब्दांवाचूनचे आणि अत्यंत संथ आहे. स्वतः स्थापन केलेल्या बँडला त्याने ड्रमवादकाचे आणि बेसवादकाचे नाव दिले, स्वतःचे दिले नाही. पुढच्या काळातला संथपणा ऐकताना त्यातला मानसिक आजारावरच्या औषधांनी आणलेला किती आणि त्याच्या स्वभावातला किती, हे मला वेगळे काढता येत नाही, आणि दादालाही येत असेल असे वाटत नाही.

ह्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. बोस्टन ऐकताना पुढचे सगळे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतरच्याच महिन्यात म्युनिकजवळच्या एका कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक वस्तीत, त्याने एलएसडी हा भ्रम निर्माण करणारा अमली पदार्थ घेतल्याचा तो प्रसंग घडला, मेमध्ये त्याने बँड सोडला, आणि मग स्किझोफ्रेनियाचे निदान, रुग्णालये, उपचार म्हणून विजेचे झटके असे सगळे एकामागून एक आले. बोस्टनला त्याने गायलेले 'द ग्रीन मनालिशी' त्या रात्रींपर्यंत बाजारात आलेले नव्हते, समोरच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना ते अनोळखीच असणार. त्यांना त्यात एक दमदार नवे गाणे ऐकू आले असेल, आम्हाला त्यात एका माणसाचे मोडत जाणे ऐकू येते आणि आम्ही आवाज वाढवतो. मीही वाढवते. जे आपल्याला इतके भिडते ते त्या माणसाने कशाच्या मोबदल्यात दिले, हा प्रश्न मनात आला की मला ते गाणे निर्धास्तपणे ऐकवत नाही, आणि बंदही करवत नाही.

मधल्या काळाविषयी मला फारसे लिहिण्यासारखे वाटत नाही. १९७९ चे 'इन द स्काइज' सुरेख आहे, पण त्यातले बरेचसे गिटारवादन स्नोई व्हाइटचे आहे. ग्रीनची १९५९ ची लेस पॉल गिटार त्याआधीच गॅरी मूर ह्या गिटारवादकाकडे गेली होती. तिच्या एका पिकअपचे (तारांचा कंप पकडणाऱ्या भागाचे) चुंबक उलटे बसलेले असल्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की सूर पोकळ आणि किंचित अनुनासिक येतो, आणि पुष्कळ लोक ग्रीनचा सूर म्हणजे ते उलटे चुंबक असेच समजून चालतात. हे मला मुळीच पटत नाही. तीच गिटार आज मेटॅलिका ह्या बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे, आणि तिच्यातून ग्रीन काही निघत नाही.

साँगबुकमधले 'लव्ह इन व्हेन' आज मी नीट लक्ष देऊन ऐकले. आवाज खर्जात उतरलेला आहे, घोगरा आहे, शब्दाच्या शेवटी तो जवळजवळ बोलल्यासारखा सुटतो. त्याचा साथीदार नायजेल वॉटसनची गिटार त्याला सांभाळून घेत असते, आणि पन्नाशी ओलांडलेला ग्रीन एक ओळ गाऊन थांबतो. हे थांबणे बोस्टनसारखे ताणलेले नाही, पण ते रिकामेही नाही. पुढची ओळ येणार आहे ह्याची त्याला खात्री आहे आणि घाई नाही, एवढेच मला त्यात ऐकू आले. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून २९ गाणी मुद्रित केली होती. ह्या अल्बममधून उरलेली गाणी ग्रीन आणि वॉटसन यांनी २००० च्या 'हॉट फूट पावडर'मध्ये घेतली आणि २९ पुरी केली. तेवीसाव्या वर्षी सगळे टाकून निघून गेलेल्या माणसाने एवढे लांबचे काम हाती घेऊन तडीस नेले, ह्याचे मोल मला बोस्टनच्या चोवीस मिनिटांहून कमी वाटत नाही. त्यातली काही गाणी फार निरस झाली आहेत आणि ती मी पुन्हा लावणार नाही; 'लव्ह इन व्हेन' मात्र आता घरात कोणी असले तरी शेवटपर्यंत ऐकणार आहे.