'च्वांगच न' : साचा लावलाय की लावतायत?

चीनमधल्या निंगबोच्या बेइलुन भागात इंजेक्शन मोल्डिंग मशीनचे (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणाऱ्या मशीनचे) कारखाने ओळीने आहेत. त्यातल्याच एका कारखान्यात 250 टनी मशीनची ट्रायल होती. मशीन महाराष्ट्रात पाठवण्याआधी खरेदीदाराच्या स्वतःच्या साच्यावर चालवून दाखवायचं, असा करार होता. माल होता असिटल, म्हणजे पीओएम नावाचं प्लास्टिक. आदल्या दिवशीच्या चाचणीतला थोडा माल बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळकांड्यात, उरलेला होता. मी दुभाषी म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीत आपल्या इंजिनिअरांबरोबर बसलो होतो, आणि मशीन खाली शॉपवर.

सव्वानऊला आपल्या प्रोसेस इंजिनिअरनी सांगितलं, "साचा लावला का, विचारा ना खाली." मी फोनवर फोरमनना विचारलं, "शृफू, मूच्यू च्वांग ल मा?" (उस्ताद, साचा लावला का?) उत्तर आलं, "च्वांगच न."

मी भाषांतर केलं, "लावलाय." खरं उत्तर होतं, "लावतायत."

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल थोडं. चिनी उच्चार देवनागरीत चांगले उतरतात, कारण अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्याकडे आहे आणि चिनीतही तो अर्थ बदलतो. 'त्साइ'मधला पहिला वर्ण म्हणजे चमच्यातला 'च'. त्याला इंग्रजी झेड समजून 'झाइ' म्हणायची गरज नाही. क्रियापदाला चिकटणारा 'च' मात्र चिमणीतल्या 'च'च्या जवळचा, फक्त जीभ थोडी मागे वळवून, त्याला सूर नाही. वाक्याच्या शेवटचा 'न' आणि पूर्णता दाखवणारा 'ल' हेही तसेच हलके.

चालू क्रिया सांगायला चिनीत मुख्यतः दोन साधनं आहेत. क्रियापदाआधी 'त्साइ' ('ऐन आत्ता' असा जोर हवा असेल तर 'चंगत्साइ') आणि क्रियापदामागे 'च'. बहुतेकजण हे इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि तिथेच गोंधळ होतो, कारण 'शर्ट घालतोय' आणि 'शर्ट घातलाय' या दोन्हींना इंग्रजीत एकच रूप चालतं. मराठीत ती दोन वेगळी रूपं आहेत आणि चिनीतही दोनच. 'त्साइ छ्वान' म्हणजे घालतोय, हात बाहीत चाललाय. 'छ्वानच' म्हणजे घातलाय, अंगात आहे. तसंच 'त्स्वोच' म्हणजे बसलाय. दिव्याला 'तंग खाइच' म्हटलं की तो लागलेला आहे, 'त्साइ खाइ तंग' म्हटलं की कोणीतरी आत्ता बटण दाबतंय. मराठी माणसाने 'तोय'ला 'त्साइ' आणि 'लाय'ला 'च' अशी जोडी लावली, तर दहातली आठ वाक्यं बरोबर येतात.

एक सापळा मात्र आहे. चिनी 'ल' आणि मराठी भूतकाळातला 'ल' कानाला जुळे भाऊ वाटतात, म्हणून 'बसलाय'चं भाषांतर 'त्स्वो ल' करण्याचा मोह होतो. 'त्स्वो ल' म्हणजे बसण्याची क्रिया झाली. माणूस अजून बसलेलाच आहे हे सांगायला 'च' लागतो.

त्या दिवशी अडचण आली ती उरलेल्या दोन वाक्यांतली. 'लाय' म्हणजे 'च' हे समीकरण मी फोनवर डोळे मिटून लावलं. पण 'च' अवस्था दाखवतो की चालू क्रिया, हे एकट्या 'च'वरून ठरत नाही. वाक्यात आधी काय आलंय ते बघावं लागतं. जागा आधी आली, म्हणजे 'मशीनवर, च्वांगच, साचा', तर अर्थ अवस्थेचा : मशीनवर साचा लावलेला आहे. भिंतीवर चित्र टांगलंय, टेबलावर कप ठेवलाय, ही वाक्यं याच घडणीची. जागेचा पत्ता नाही, क्रियापद हाताने करायच्या कामाचं आहे आणि शेवटी 'न' लागलाय, तर तो माणूस 'काम चालू आहे, थांबा' असं सांगतोय. 'जेवलास का?'ला 'छृच न' असं उत्तर आलं तर ते 'जेवतोय' असतं, 'जेवलोय' कधीच नाही. शिवाय मी विचारलं होतं 'ल' लावून. साचा लागला असता तर उत्तरही 'च्वांग हाओ ल' (लावून झाला) असं आलं असतं. प्रश्नातला 'ल' सोडून समोरचा 'च'वर आला, हाच इशारा होता.

वर मात्र 'लावलाय' ऐकून बॅरलचं तापमान थेट चालवण्याच्या सेटिंगवर, 200 अंशांच्या आसपास, न्यायला सांगितलं गेलं. साचा तेव्हा क्रेनवर लटकत होता. लोकेटिंग रिंग बसवणं, क्लॅम्प आवळणं, इजेक्टर रॉड जोडणं, पाण्याचे पाइप लावणं, हे सगळं बाकी. त्याला साडेअकरा वाजले. बॅरल सव्वादहालाच तापलं होतं. असिटल त्या तापमानावर सव्वा तास निपचित पडून राहिलं.

पॉलिप्रॉपिलीनसारखं दुसरं प्लास्टिक असतं तर एवढं बिघडलं नसतं. असिटल तापून पडून राहिलं की फुटतं आणि फॉर्मल्डिहाइड वायू सोडतं. साधा नियम असा की पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बॅरल 150 अंशांपर्यंत उतरवायचं. खाली गेलो तेव्हा डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास लगेच कळला. नोझल (बॅरलचं तोंड) साच्याला टेकवायच्या आधीच बॅरलचं युनिट मागे घेतलं, हॉपर (माल ओतायचं नरसाळं) बंद केला, पंखे आणि दारं उघडली, आणि हळूहळू पर्जिंग, म्हणजे आतला माल बाहेर ढकलून काढणं, सुरू झालं. निघालेले गोळे पाण्याच्या बादलीत टाकत गेले, नाहीतर ते बाहेर पडूनही वायू सोडत राहतात. नंतर पॉलिएथिलीन सोडून बॅरल धुतलं. अशा वेळी हाताशी आहे म्हणून पीव्हीसी घालणं हा मोठा धोका, असिटल आणि पीव्हीसी एका बॅरलमध्ये एकत्र येता कामा नयेत. नोझल बंद ठेवून थांबणंही तसंच, आत वायूचा दाब वाढत जातो. ट्रायल दुपारी अडीचला सुरू झाली.

जेवणानंतर फोरमनबरोबर तीच वाक्यं पुन्हा घोळवली. त्यांच्या दृष्टीने उत्तरात संदिग्ध काहीच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. मग फोनवर वापरायचे प्रश्न ठरवले. 'च्वांग हाओ ल मा?' म्हणजे पूर्ण झालं का. झालं नसेल तर त्याला 'हाइ त्साइ च्वांग' (अजून लावतायत) किंवा 'हाइ मेइ च्वांग हाओ' (अजून झालं नाही) एवढीच उत्तरं. फोनवर नुसता 'च' घ्यायचा नाही. किती वेळ झाला हे विचारलं तर 'त्साइ' चालत नाही. 'त्साइ च्वांग' म्हणून पुढे 'एक तास' जोडलं की वाक्य मोडतं. तिथे दोन 'ल' लागतात : 'च्वांग ल ई क श्याओशृ ल', तासभर झाला, काम अजून चालू.

आपल्या 'तोय'चा पल्ला 'त्साइ'पेक्षा मोठा आहे, हेही त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा दिसलं. ड्रायव्हर कुठे आहे विचारल्यावर 'येतोय' सांगायचं होतं, आणि आपल्यातला एक शिकाऊ मुलगा 'था त्साइ लाइ' म्हणून गेला. चिनी कानाला ते खटकतं. येणं ही त्यांच्या लेखी ताणता येणारी क्रिया नाही, म्हणून 'था माशांग ताओ' म्हणायचं, पोचतोच आहे. 'मला आवडतंय', 'मला कळतंय' यांनाही 'त्साइ' लागत नाही. आणि 'झोपलाय' लिहिताना जपून. त्याच चिन्हाचे दोन उच्चार आहेत. 'श्वेइच' म्हणजे झोपलेला आहे, 'श्वेइचाओ ल' म्हणजे डोळा लागला. कागदावर ते सारखंच दिसतं, मोठ्याने वाचायची वेळ आली की कळतं.

ट्रायलच्या अहवालात एक ओळ होती, ऑपरेटर 'ताइच' हातमोजे. शिकाऊ मुलाच्या कच्च्या भाषांतरात ती 'हातमोजे घालत आहे' अशी आली होती. ती 'हातमोजे घातलेले आहेत' अशी केली आणि सही झाली.