कॉम फाइल: विस्तारनाम एक, प्रोसेसर दोन

जुन्या घरगुती संगणकांतील सुसंगततेचा विषय निघाला की मला सर्वप्रथम सीपी/एम आणि डॉस या कार्यप्रणालींच्या कॉम फाइली, म्हणजे .COM विस्तारनामाच्या प्रोग्रॅम फाइली, आठवतात. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एममध्ये या फाइलीला शीर्षभाग (फाइलीची माहिती देणारा सुरुवातीचा भाग) नव्हताच. डिस्कवरील बाइट जसेच्या तसे मेमरीत हेक्साडेसिमल (सोळा पायाच्या अंकपद्धतीतील) ०१०० या पत्त्यापासून उतरवले जात आणि तिथूनच अंमलबजावणी सुरू होई. १९८१ साली आलेल्या डॉसनेही कॉम फाइलीसाठी हाच पत्ता ठेवला, त्यामुळे सीपी/एमच्या ८०८० प्रोसेसरसाठी असेम्ब्लीत (प्रोसेसरच्या आदेशांच्या भाषेत) लिहिलेले प्रोग्रॅम डॉसच्या ८०८६ प्रोसेसरवर नेणे बरेच सोपे झाले.

सीपी/एमची तयार फाइल मात्र डॉसवर चालत नसे, आणि त्याचे कारण एकाच बाइटमध्ये पाहता येते. सीपी/एमचे अनेक प्रोग्रॅम सी३ या बाइटने सुरू होतात. ८०८० च्या लेखी तो ‘यापुढे दिलेल्या पत्त्यावर उडी मार’ असा आदेश आहे, तर ८०८६ च्या लेखी ‘परत जा’ असा. डॉस कॉम फाइल सुरू करण्यापूर्वी स्टॅकवर (परतीचे पत्ते जिथे ठेवले जातात त्या मेमरीत) शून्य ठेवते. त्यामुळे नियंत्रण शून्य पत्त्यावर जाते, तिथे प्रोग्रॅम संपवण्याचा आदेश आधीच मांडलेला असतो, आणि कोणताही संदेश न येता प्रॉम्प्ट (आदेशाची वाट पाहणारी खूण) पुन्हा दिसतो. इतकी सुरक्षित माघार मला रचनाकारांच्या दूरदृष्टीची खूण वाटते.

सीपी/एमच्या आतही सारे आलबेल नव्हते. ८०८० चा कोड झेड८० या दुसऱ्या प्रोसेसरवर चाले, उलट नाही. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग साधनाच्या सीपी/एम-८० आवृत्तीला तर झेड८० च लागे. टीआरएस-८० मॉडेल १ या घरगुती संगणकात शून्य पत्त्यापासून रॉम, म्हणजे लिहिता न येणारी मेमरी, असल्याने त्यावर या प्रमाणित फाइली मुळात उतरतच नसत.